लॅटिनो तरुणांचं लैंगिक आरोग्य आणि सांस्कृतिक ताण: क्लिनिकमध्ये काय विचारायचं, काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: लॉस एंजेलिसमध्ये पब्लिक हेल्थ शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीची सामुदायिक क्लिनिकमध्ये इंटर्नशिप सुरू होतेय. तिथे येणारे बहुतेक जण 18 ते 29 वयाचे लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, आहेत. अभ्यासक्रमात वाचलेल्या ‘सांस्कृतिक ताणा’चा लैंगिक आरोग्याशी प्रत्यक्षात काय संबंध असतो आणि समोर बसलेल्या माणसासाठी त्याचा उपयोग कसा करायचा, हे तिला हवंय.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. तुमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना कंडोम कशासाठी असतो, एचआयव्ही कसा पसरतो हे ठाऊक असतं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत 2016 पासून हा विषय सक्तीचा आहे. नुकतेच आलेले तरुण त्याला अपवाद, त्यांना मुळापासून सांगावं लागतं. पण इथे वाढलेल्यांचं अडतं ते माहितीपाशी नाही, कुणाला तरी कळेल या धास्तीपाशी. आईला कळेल, चर्चमधल्या बायकांना कळेल, जोडीदाराला कळेल, सरकारला कळेल. ही धास्ती कमी करणं हेच तुमचं मुख्य काम आहे. माहितीपत्रकं वाटणं त्यानंतर.

सांस्कृतिक ताण या कल्पनेवर संशोधक सेठ श्वार्ट्झ, जेनिफर उंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायामी आणि लॉस एंजेलिसमधल्या स्थलांतरित लॅटिनो कुटुंबांबरोबर बरीच वर्षं काम केलं आहे. तिचे तीन पदर आहेत. पहिला म्हणजे उघड भेदभाव: दुकानात पाळत ठेवली जाणं, उच्चारावरून टोमणे, पोलिसांची वागणूक. दुसरा, ‘इथे आपण कुणालाच नकोय’ ही सततची जाणीव. कुणी तोंडावर अपमान केला नसला तरी नोकरी, कॉलेज, ओळखपत्र प्रत्येक ठिकाणी दार अर्धंच उघडं असल्याचा अनुभव. तिसरा पदर दोन्हीकडून ओढला जाण्याचा. शाळेत तो ‘मेक्सिकन’ असतो आणि घरच्या समारंभात स्पॅनिश अडखळलं की चुलत भावंडं ‘नो साबो’ (‘मला माहीत नाही’चं चुकीचं स्पॅनिश) म्हणून चिडवतात.

याला आणखी एक गोष्ट जोडा, जिच्याकडे नवशिक्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. यातली अनेक मुलं दहाव्या-बाराव्या वर्षापासून घरची दुभाषी असतात. घरमालकाची नोटीस, आईचा रक्ताचा रिपोर्ट, वडिलांच्या पगाराची भानगड, सगळं त्यांनीच वाचून समजावायचं. अशा मुलाला लहानपणापासून एक सवय लागते: घरच्यांच्या डोक्यावर आणखी ओझं टाकायचं नाही. बाविसाव्या वर्षी लघवीला जळजळ सुरू झाली की हीच सवय त्याला तीन आठवडे गप्प बसवते. कागदपत्रांत याची नोंद ‘उशिरा उपचार घेतले’ अशी होते, आणि ती वाचणाऱ्याला तो बेफिकीर वाटतो.

‘लॅटिनो’ हा एकच शिक्का समजू नका. पोर्तो रिकोचे लोक 1917 पासून जन्मानेच अमेरिकन नागरिक आहेत. 2017 च्या मारिया वादळानंतर मुख्य भूमीवर आलेल्या मुलीला हद्दपारीची भीती नसते. घर गेलेलं असतं, आजी तिकडेच राहिलेली असते, तिचा ताण तो आहे. तिसऱ्या पिढीच्या मेक्सिकन-अमेरिकन मुलाचा ताण वेगळा, दोन वर्षांपूर्वी आलेल्या व्हेनेझुएलन तरुणाचा वेगळा. आणि लॉस एंजेलिसमध्ये ग्वातेमालाहून किंवा मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेल्या अनेकांची घरची भाषा किचे, कानहोबाल किंवा झापोतेक असते. त्यांच्यासमोर स्पॅनिश दुभाषी बसवला तर ते मान डोलावतात, अर्धंच समजतं. म्हणून ‘कुठल्या देशाचे?’ हे विचारू नका, त्या प्रश्नाला पोलिसी वास येतो. ‘घरी कोणती भाषा बोलता?’ हे विचारा. हवी ती माहिती त्यात येते. स्वतःला ते लॅटिनो, लॅटिना, लॅटिनेक्स, चिकानो, साल्वादोरेन्यो यातलं जे म्हणतील तेच तुम्हीही म्हणा.

आकड्यांपुरतं सांगायचं तर अमेरिकेच्या लोकसंख्येत लॅटिनो सुमारे 19 टक्के आहेत, आणि सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये झालेल्या नव्या एचआयव्ही संसर्गांपैकी सुमारे 33 टक्के त्यांच्यात होते. त्यातही बहुसंख्य पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष. 2001 साली राफाएल दियास आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क, मायामी आणि लॉस एंजेलिसमधल्या 912 लॅटिनो समलिंगी व उभयलिंगी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वंशभेद, गरिबी आणि समलिंगी म्हणून झालेला छळ जितका जास्त, तितकं नैराश्य आणि एकटेपण जास्त, हे त्यातून पुढे आलं. पुढचा प्रवास साखळीसारखा आहे: खचलेलं मन, मग दारू किंवा इतर नशा, मग कंडोमविना संबंध, मग तपासणी टाळणं. यातली कोणतीही कडी तुटली तरी फायदा होतो, आणि क्लिनिकमध्ये सगळ्यात सोपी तुटणारी कडी शेवटची आहे.

आता मराठी समुपदेशकासाठी खास सावधगिरी. फामिलिस्मो, म्हणजे कुटुंब आधी आणि मी नंतर, मारियानिस्मो, म्हणजे कुमारी मेरीसारखी शुद्ध, सोशिक स्त्री, आणि माचिस्मो, म्हणजे वरचढ, आक्रमक पुरुषत्व. हे वाचताना आपल्याला वाटतं, ‘अरे, हे तर आपलंच घर.’ हा परिचयाचा भास फसवा आहे. तिथे लग्नाविना एकत्र राहणं, ‘उनियोन लिब्रे’, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. लग्नाआधी झालेलं मूल अनेक घरांत सुरुवातीच्या रडारडीनंतर प्रेमाने सामावून घेतलं जातं. उलट मुलीच्या पर्समध्ये गर्भनिरोधक गोळ्या सापडणं जास्त जिव्हारी लागू शकतं, कारण त्यातून ‘तिने हे ठरवून केलं’ असा अर्थ निघतो. गर्भपाताबद्दलची भावना कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल श्रद्धेतून येते, आपल्याकडच्या ‘लोक काय म्हणतील’मधून नव्हे. त्यामुळे आपल्या अनुभवावरून अंदाज बांधू नका, विचारा. आणि संस्कृतीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभंही करू नका. घट्ट कुटुंब हे या तरुणांचं मोठं संरक्षण आहे. पुरुषत्वाचीही दुसरी बाजू आहे: काबायेरिस्मो, म्हणजे माणसांची काळजी घेणारा, जबाबदार पुरुष. 2008 मध्ये मिगेल आर्सिनिएगा आणि सहकाऱ्यांनी माचिस्मो आणि काबायेरिस्मो वेगवेगळे मोजता येतात हे दाखवलं. ‘तिची काळजी घ्यायची म्हणजे तुझी तपासणी आधी’ हे वाक्य ‘धोका टाळ’पेक्षा जास्त काम करतं.

अविश्वासाची मुळंही माहीत हवीत. गर्भनिरोधक गोळीची पहिली मोठी चाचणी 1956 पासून पोर्तो रिकोत झाली, आताच्या मानाने फार जास्त मात्रेत आणि बायकांना पुरेशी कल्पना न देता. त्याच बेटावर विसाव्या शतकाच्या मध्याला सुमारे एक तृतीयांश मातांची नसबंदी झालेली होती. ग्वातेमालात 1946 ते 1948 दरम्यान अमेरिकी सरकारी डॉक्टरांनी कैदी, सैनिक आणि मनोरुग्णांना मुद्दाम सिफिलिस व गनोरियाची लागण केली. 2010 मध्ये ते उघडकीला आलं आणि अमेरिकेने माफी मागितली. खुद्द लॉस एंजेलिसमध्ये प्रसूतीच्या वेळी संमतीविना नसबंदी झालेल्या दहा मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया ‘माद्रिगल विरुद्ध क्विलिगन’ हा खटला लढल्या आणि 1978 मध्ये हरल्या. त्यांच्या नाती आज तुमच्या क्लिनिकमध्ये येणाऱ्यांच्या वयाच्या आहेत. म्हणून 20 वर्षांच्या मुलीला पहिल्याच भेटीत तांबी किंवा इम्प्लांट (दंडात बसवायची गर्भनिरोधक काडी) ‘सगळ्यात उत्तम’ म्हणून पुढे करू नका. सगळे पर्याय मांडा, आणि ‘नको वाटलं तर त्याच दिवशी काढून देऊ’ हे आधी सांगा. काढायला आलेल्या मुलीला ‘अजून सहा महिने बघ’ म्हटलंत तर ती परत येणार नाहीच, तिच्या मैत्रिणीही येणार नाहीत.

प्रत्यक्ष मुलाखतीकडे येऊ. सोबत आई, मावशी, मैत्रीण, जोडीदार कुणीही असो, पहिली दहा मिनिटं एकट्याशी बोलायची, आणि तो सगळ्यांसाठीचा नियम आहे असं सांगून. नात्यातला माणूस दुभाषी म्हणून कधीही वापरू नका. फोनवरचा दुभाषी घेतलात तर त्याला रुग्णाचं नाव घेऊ देऊ नका; छोट्या समाजात आवाजावरूनही ओळख पटते. मग लगेच कामाचं न बोलता दोन-तीन मिनिटं माणसासारखी विचारपूस करा. पेर्सोनालिस्मो म्हणतात तो हाच; विचारपूस न करता थेट ‘गेल्या तीन महिन्यांत किती पार्टनर?’ असं विचारलं की उत्तर ‘एक’ येतं, खरं काहीही असो.

लैंगिक इतिहासासाठी सीडीसीची पाच सूत्रं पाळा: जोडीदार, संबंधांचा प्रकार, संसर्गापासून संरक्षण, आधीचे संसर्ग, गर्भधारणेबद्दलची इच्छा. मात्र ओळख विचारू नका, कृती विचारा. ‘तू गे आहेस का?’ याला ‘नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी पुरुषांचे पुरुषांशी संबंध असतात. त्यांच्या हिशेबी ते खरंच गे नसतात. ‘गेल्या वर्षात कुणाकुणाशी संबंध आले, पुरुष, स्त्रिया, दोन्ही? तोंडाने, योनीत, गुदद्वारात?’ असं सरळ, एकाच सुरात विचारा. याचा थेट परिणाम तपासणीवर होतो. फक्त लघवीचा नमुना घेतला तर घशातला आणि गुदद्वारातला गनोरिया व क्लॅमिडिया निसटतो, आणि तिथे बहुतेकदा काही लक्षणंच नसतात. रिपोर्ट निगेटिव्ह घेऊन माणूस निर्धास्त घरी जातो. जिथे संबंध, तिथला नमुना. स्वॅब स्वतः घेण्याची मुभा द्या: गुदद्वारात दोन-तीन सेंटिमीटर आत, पाच ते दहा सेकंद हळू फिरवून बाहेर. लाज वाटणारा माणूस स्वतः घ्यायला बहुधा तयार होतो.

25 वर्षांखालच्या लैंगिकदृष्ट्या सक्रिय स्त्रियांना वर्षातून एकदा गनोरिया-क्लॅमिडिया. पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांना निदान वर्षातून एकदा, जोखीम जास्त असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी, सोबत सिफिलिस आणि एचआयव्ही. एचआयव्हीचा खिडकी-काळ, म्हणजे लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतचा काळ, समजावून सांगा: शिरेतून घेतलेल्या रक्ताची प्रयोगशाळेतली अँटिजन-अँटिबॉडी चाचणी संसर्ग 18 ते 45 दिवसांत पकडते, घरगुती तोंडाच्या चाचणीला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात. परवाच्या घटनेसाठी आज निगेटिव्ह आलेल्या चाचणीचा काही अर्थ नसतो. एचपीव्हीची लस राहिली असेल तर 26 वर्षांपर्यंत द्या, या वयात तीन मात्रा: आज, एक-दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी.

आणखी एक प्रश्न, आवाजात जरासुद्धा नाराजी न आणता: ‘आधी एखादी गोळी किंवा इंजेक्शन घेतलं होतंत?’ मोहल्ल्यातल्या तिएंदातून (छोट्या दुकानातून) किंवा सीमेपलीकडच्या तिहुआनाहून आणलेलं अँपिसिलिन, पेनिसिलिन घेऊन पाहणं सर्रास चालतं. लक्षणं दबतात, गनोरिया जात नाही, जोडीदाराला लागण होत राहते. रागावलात तर पुढच्या वेळी सांगणार नाहीत. गनोरियाला सेफ्ट्रिॲक्सोन 500 मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन, क्लॅमिडियाला डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सात दिवस. गरोदर असेल तर डॉक्सिसायक्लिन नाही, ॲझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम. सात दिवस संबंध नको, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. जोडीदार क्लिनिकला यायला तयार नसेल तर त्याचं औषध रुग्णाबरोबर पाठवणं कॅलिफोर्नियात कायदेशीर आहे. कागदपत्रांविना राहणाऱ्या जोडीदारांच्या बाबतीत हा अनेकदा एकमेव मार्ग असतो.

आता त्या धास्तीच्या सगळ्यात मूर्त रूपाकडे: टपाल. 2010 च्या आरोग्य विमा कायद्याने 26 वर्षांपर्यंत मुलांना आईवडिलांच्या विम्यावर राहता येतं. सोय मोठी, पण प्रत्येक तपासणीनंतर विमा कंपनी ‘काय केलं, किती खर्च आला’ याचं पत्रक धाडते आणि ते पॉलिसीधारकाच्या, म्हणजे वडिलांच्या, नावाने घरी येतं. इतकी काळजी घेऊन केलेली तपासणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडी पडते. म्हणून विमा कार्ड मागण्याआधी विचारा: ‘किएन आब्रे एल कोर्रेओ एन तु कासा?’ घरी पत्रं कोण उघडतं? उत्तर ‘आई’ असेल तर दोन रस्ते आहेत. कॅलिफोर्नियात जुलै 2022 पासून लागू असलेल्या एबी 1184 कायद्यानुसार संवेदनशील सेवांची माहिती विमा कंपनीने थेट रुग्णालाच, त्याने दिलेल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर पाठवायची असते. तरी गोपनीय संपर्काची विनंती त्याच बैठकीत भरून पाठवा, आणि ती नोंदली गेल्याची खात्री होईपर्यंत बिल थांबवा. दुसरा रस्ता फॅमिली पॅक्ट ही राज्याची योजना: उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत असलेल्या रहिवाशांना कुटुंब नियोजन आणि त्यासोबतच्या लैंगिक संसर्गाच्या सेवा मोफत, नागरिकत्वाची अट नाही, आणि घरी कळण्याची भीती असेल तर दुसरा विमा असूनही चालतं. फोनचंही तसंच. क्लिनिकच्या नावाने मेसेज जाऊ देऊ नका, काय शब्द चालतील ते त्यांनाच ठरवू द्या. सामायिक फोन प्लॅनवर वडिलांना नंबर दिसतो, म्हणून व्हॉट्सॲप की ऑनलाइन पोर्टल, हेही विचारून ठेवा.

हीच अडचण प्रेपला, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या औषधाला, येते. रोजच्या गोळीची बाटली आईला सापडते, ती नाव शोधते, आणि मुलाला एचआयव्ही झालाय असं समजून घरात रडारड होते. मुलगा गोळ्या फेकून देतो. त्यामुळे प्रेप देताना ‘बाटली कुठे ठेवशील?’ हा वैद्यकीय प्रश्नच आहे असं समजा. घरात जागाच नसेल तर इंजेक्शनचे पर्याय सांगा: कॅबोटेग्रेविर, पहिले दोन डोस महिन्याच्या अंतराने आणि नंतर दर दोन महिन्यांनी, किंवा जून 2025 मध्ये मंजूर झालेलं लेनाकॅपाविर, दर सहा महिन्यांनी, सुरुवातीच्या दोन दिवसांत सोबत गोळ्या. गोळीच हवी असेल तर गुदद्वारातल्या संबंधांसाठी रोज घेऊन सात दिवसांनी पूर्ण संरक्षण मिळतं, योनीतल्या संबंधांसाठी सुमारे 21 दिवसांनी. सुरू करण्याआधी एचआयव्ही, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि हेपॅटायटिस बी तपासाच. हेपॅटायटिस बी असताना गोळी अचानक सोडली तर यकृताचा आजार उसळतो. जोखमीची घटना होऊन 72 तास उलटले नसतील तर प्रेपआधी पेप, म्हणजे घटनेनंतर एचआयव्ही टाळण्यासाठी घ्यायची औषधं, 28 दिवस.

तातडीच्या गर्भनिरोधनाबद्दल एवढं लक्षात ठेवा: लेवोनॉरजेस्ट्रेल दुकानात ओळखपत्राविना मिळतं, 72 तासांच्या आत जितकं लवकर तितकं बरं. वजन 75 किलोच्या वर असेल तर ते कमी पडू शकतं. मग युलिप्रिस्टल 30 मिलिग्रॅम, 120 तासांपर्यंत, त्यानंतर पाच दिवस नेहमीची हार्मोनची गोळी सुरू करायची नाही. तांब्याची तांबी पाच दिवसांच्या आत बसवली तर सगळ्यात खात्रीची.

सरकारची भीती खोटी म्हणून झटकू नका. 2019 मध्ये जाहीर झालेल्या आणि 2021 मध्ये मागे घेतलेल्या ‘पब्लिक चार्ज’ नियमाच्या (सरकारी मदतीवर अवलंबून राहील अशा माणसाला ग्रीन कार्ड नाकारण्याच्या) काळात, ज्यांना तो लागूच नव्हता अशांनीही आरोग्य योजना सोडल्या. जानेवारी 2025 मध्ये दवाखाने, शाळा, चर्च अशा ठिकाणी अटक टाळण्याची जुनी सूचना रद्द झाली. कोणत्या योजनेचा इमिग्रेशनच्या अर्जावर काय परिणाम होतो, याची हमी तुम्ही देऊ नका. इमिग्रेशन वकिलाकडे किंवा मेक्सिकन वकिलातीतल्या ‘व्हेंतानिया दे सालुद’ या आरोग्य खिडकीकडे पाठवा. पण एक जुना गैरसमज तुम्ही स्वतः खोडू शकता. एचआयव्ही असेल तर ग्रीन कार्ड मिळत नाही, हे जानेवारी 2010 पासून खरं नाही, आणि ग्रीन कार्डासाठीच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही चाचणी केलीही जात नाही. सिफिलिस (18 ते 44 वय) आणि गनोरिया (18 ते 24) मात्र तपासतात; उपचार पूर्ण झाले की अडथळा राहत नाही. ‘म्हणूनच आत्ता तपासून घे’ असं सांगितलं की बऱ्याच जणांना पटतं.

एक भीती मात्र थेट विचारल्याशिवाय कधीच बाहेर येत नाही. जोडीदाराकडे कागदपत्रं आहेत आणि हिच्याकडे नाहीत, अशा नात्यात ‘मिग्राला (इमिग्रेशन पोलिसांना) फोन करीन’ ही धमकी कंडोम नाकारण्यासाठी, गोळ्या फेकण्यासाठी वापरली जाते. एकटी असताना विचारा: ‘नाही म्हटलं तर काय होईल असं वाटतं?’ उत्तर देताना ती दाराकडे पाहत असेल तर कंडोम वापरण्याचं समुपदेशन तिथेच थांबवा. तिच्या हातात जे गुपचूप राहू शकतं तेच उपयोगाचं, म्हणजे गर्भनिरोधक इंजेक्शन किंवा दोरा आखूड कापलेली तांबी. हिंसा सोसलेल्यांसाठी यू व्हिसा (गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा) आणि व्हावा या स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या कायद्याखालची स्वतंत्र याचिका हे मार्ग आहेत, पण तेही वकिलामार्फत.

गटात काम करायचं असेल तर नवं काही शोधत बसू नका. अँटोनिया व्हिलारुएल यांचा ‘कुईदाते’ हा कार्यक्रम फिलाडेल्फियात 553 लॅटिनो किशोरांवर तपासला गेला आणि वर्षभराच्या पाठपुराव्यात कंडोमविना संबंध कमी झाले. नॉर्थ कॅरोलायनातल्या ‘ओंब्रेस’ कार्यक्रमाने फुटबॉल संघातल्याच एका खेळाडूला प्रशिक्षण देऊन आरोग्याचा वाटाड्या केलं. दोन्हींत कुटुंब आणि दोस्ती यांच्याशी भांडण नाही, त्यांच्याच बळावर काम आहे. किशोरांसाठीचं साहित्य 24 वर्षांच्या माणसासमोर तसंच ठेवू नका, एवढीच सूचना.

मनाकडेही बघा. पीएचक्यू-2 या नैराश्याच्या दोन प्रश्नांच्या चाचणीत तीन किंवा जास्त गुण आले तर पूर्ण प्रश्नावली. दारूसाठी ऑडिट-सी ही छोटी प्रश्नावली, पुरुषांत चार आणि स्त्रियांत तीन गुणांपासून पुढे बोलायचं. स्पॅनिश आवृत्त्या दोन्हींच्या आहेत.

शेवटी नोंदी. रुग्णाच्या फायलीत इमिग्रेशन स्थिती कधीही लिहू नका, अप्रत्यक्षही नाही. ‘सीमा ओलांडून आला’, ‘कागदपत्रं नाहीत’, ‘डाका अर्ज प्रलंबित’ (डाका म्हणजे लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी योजना) असली वाक्यं इंटर्न सहानुभूतीने लिहितात आणि ती कायमची राहतात. ‘कुटुंबाबाबत चिंता, झोप कमी’ एवढं पुरतं. क्लिनिकची आतली बाजू खासगी असल्याचा फलक दारावर आहे का, आणि न्यायाधीशाच्या सहीच्या वॉरंटशिवाय तिथे कुणाला आत सोडायचं नाही हे रिसेप्शनवरच्या प्रत्येकाला माहीत आहे का, हे पहिल्याच दिवशी तुमच्या पर्यवेक्षकांना विचारा.